आधी आईचं ताट बघा, मग विसरणं

प्रश्न: माझी आई ७२ वर्षांची आहे. राजापूर तालुक्यात खाडीकाठच्या गावी एकटी राहते, मी नोकरीसाठी डोंबिवलीत असतो. गेल्या आषाढात बाबा गेले, त्याला आता दहा महिने होतील. तेव्हापासून आईने मासे सोडले. सकाळी चहा-खारी, दुपारी पेज आणि लोणचं, रात्री बहुतेक नुसता चहा. शिमग्याला गेलो तेव्हा पोलकी खांद्यावरून उतरत होती. दोनदा गॅस चालू राहिला, एकदा आमटीत मीठ दोनदा पडलं, शेजारच्या काकूंना एकच गोष्ट परत परत विचारते. देवळातलं भजन बंद केलंय. काही सुचवलं की “आता कशाला?” एवढंच म्हणते. नऊ वर्षांपासून शुगरच्या दोन गोळ्या चालू आहेत, बीपीची एक, आणि सकाळी उठल्यावर पित्ताची एक. मामा म्हणतात, वय झालं. चुलतभाऊ म्हणतो, रोज दोन चमचे खोबरेल तेल आणि ओमेगा-थ्रीच्या कॅप्सूल दे. आजीलाही शेवटी शेवटी माणसं ओळखता येत नव्हती, म्हणून जास्त भीती वाटते. आईला डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, झालाय का? मन खचल्याने तो होतो का? खाण्याने टळतो का? तिला कायमचं इकडे आणावं का?
— एक मुलगा, डोंबिवली

उत्तर: पत्रात तुम्ही आईच्या विसरण्याबद्दल लिहिलंत आणि खाण्याबद्दलही लिहिलंत. डॉक्टरांकडे जाल तेव्हा खाण्याबद्दलचं आधी सांगा. सहसा उलट होतं. घरचे विसरण्याचे किस्से सांगत बसतात, डॉक्टर स्मरणशक्तीची गोळी लिहून देतात आणि बाई रात्री उपाशी झोपते हे कोणाला कळतच नाही.

घटनांचा क्रम बघा. बाबा गेले, मासे सुटले, रात्रीचं जेवण सुटलं, भजन सुटलं, अंगावरचं मांस उतरलं, आणि या सगळ्यात विसरणं वाढलं. पत्रावरून डिमेन्शिया आहे किंवा नाही असं कोणालाच सांगता येणार नाही. पण या क्रमात विसरायला लावणारी तीन कारणं स्पष्ट दिसतात: नैराश्य, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, आणि उपाशीपोटी घेतल्या जाणाऱ्या शुगरच्या गोळ्या. तिन्हींवर इलाज आहे. ती तपासल्याशिवाय “वय झालं” म्हणून सोडून देणं चूक आहे. वयाने एखादं नाव पटकन आठवत नाही, चष्मा कुठे ठेवला ते सापडत नाही. वयाने माणूस दहा महिन्यांत असा वाळत नाही.

नैराश्यातलं विसरणं आणि डिमेन्शियातलं विसरणं वरून सारखं दिसलं तरी जवळून पाहिलं की फरक जाणवतो. नैराश्यातलं विसरणं कधी सुरू झालं ते घरच्यांना साधारण सांगता येतं, तुम्हाला आलं तसं. माणूस स्वतःच कुरकुरतो, “माझ्या काही लक्षात राहत नाही.” प्रश्न विचारला की “माहीत नाही” म्हणून मोकळा होतो. थोडा वेळ दिला, एखादी खूण सांगितली, की बरोबर उत्तर देतो. डिमेन्शियात सुरुवात कधी झाली हे कोणालाच नेमकं सांगता येत नाही, माणूस चूक झाकतो किंवा काहीतरी रचून सांगतो, आणि खूण सांगूनही आठवत नाही. मीठ दोनदा पडणं ही लक्ष नसल्याची चूक असू शकते. पन्नास वर्षं आमटी करणाऱ्या बाईला फोडणीत आधी काय घालायचं हेच सुचेनासं झालं, देवळातून घरी येताना वाट चुकली, किंवा पाचशेच्या नोटेचे सुटे हिशोबाने घेता येईनात, तर गोष्ट वेगळी. पुढच्या भेटीत हे तिन्ही पाहून घ्या. परीक्षा घेतल्यासारखं नको. तिच्याबरोबर एकदा स्वयंपाक करा, एकदा दुकानात जा. दोन्ही आजार एकाच वेळी असणंही शक्य असतं, त्यामुळे यातून तुम्ही निदान करायचं नाही, डॉक्टरांना सांगायला माहिती गोळा करायची.

आता तपासण्या. पाऊस सुरू झाला की गावाहून रत्नागिरीला जाणं-येणं लांबणीवर पडतं, म्हणून याच महिन्यात करा. रक्ताच्या तपासण्या या: हिमोग्राम, बी-१२, थायरॉइडसाठी टीएसएच, सोडियम, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, कॅल्शियम, आणि तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी. रक्त देण्याआधी कुठलीही ताकदीची किंवा व्हिटॅमिनची गोळी सुरू करू नका, बी-१२चा आकडा फसवा येतो.

बी-१२वर जरा थांबायला हवं, कारण तुमच्या आईच्या बाबतीत तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत. शुगरची जुनी गोळी बहुधा मेटफॉर्मिन असेल. ती वर्षानुवर्षं घेतली की आतड्यातून बी-१२ कमी शोषलं जातं. पित्ताची गोळी, म्हणजे पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल वगैरे, पोटातलं आम्ल कमी करते, आणि अन्नातलं बी-१२ मोकळं व्हायला तेच आम्ल लागतं. नुसते मासे सोडल्याने दहा महिन्यांत कमतरता होत नाही, यकृतात काही वर्षं पुरेल एवढा साठा असतो. पण नऊ वर्षांत हा साठा आधीच खाली गेला असेल आणि वर मासे बंद झाले, तर तो तळाला लागतो. बी-१२ कमी झालं की विसरणं, उदासपणा, थकवा, तळपायांत मुंग्या, अंधारात तोल जाणं, जीभ लाल आणि गुळगुळीत होणं अशी लक्षणं येतात. म्हणजे नैराश्य आणि डिमेन्शिया, दोघांचीही नक्कल ही एकटी कमतरता करू शकते.

आकडा २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता, २०० ते ३०० असेल तर संशय धरून पुढे जायचं. उपचार सहसा १००० मायक्रोग्रॅमच्या इंजेक्शनांनी सुरू होतो: आधी एक-दोन आठवडे दिवसाआड, मग आठवड्याला एक, मग महिन्याला एक. वेळापत्रक डॉक्टर ठरवतील. इथे दोन चुका नेहमी होतात. एक, मेडिकलमधून बी-कॉम्प्लेक्सची कॅप्सूल आणून काम भागवलं जातं. तिच्यात बी-१२ इतकं थोडं असतं की रिकामा साठा भरत नाही. दोन, रक्त कमी म्हणून नुसतं फॉलिक अ‍ॅसिड दिलं जातं. त्याने हिमोग्लोबिन सुधारतं आणि सगळे निश्चिंत होतात, नसांचं नुकसान मात्र आत चालूच राहतं. मेटफॉर्मिन मनाने बंद करू नका. ती चालू ठेवून बी-१२ भरून काढता येतं. पित्ताच्या गोळीची गरज खरंच आहे का, हे मात्र डॉक्टरांना विचारा, पुष्कळ घरांत ती पंधरा दिवसांसाठी सुरू होते आणि पंधरा वर्षं चालते.

दुसरी शुगरची गोळी कुठली ते आजच स्ट्रिपवर वाचायला सांगा. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड असं नाव दिसलं तर डॉक्टरांना फोन करायला भेटीची वाट पाहू नका. ही गोळी खाल्लेलं असो वा नसो, साखर खाली आणतेच. रात्री नुसता चहा पिऊन झोपणाऱ्या बाईची साखर पहाटे ७०च्या खाली गेली तर घाम, थरथर, गोंधळ आणि विचित्र बोलणं होतं, आणि वारंवार झालं तर मेंदूला इजा होते. असं झालं तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची, १५ मिनिटांनी साखर पुन्हा मोजायची, मग खायला द्यायचं. गुंगीत असेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना. हे शेजारच्या काकूंना शिकवून ठेवा. या वयात एकट्या राहणाऱ्या माणसाची एचबीए१सी सातच्या खाली खेचायचा हट्ट नसतो. साडेसात ते आठपर्यंत चालते, हे डॉक्टरांशी बोलून घ्या.

सोडियम यासाठी, की बीपीच्या काही गोळ्यांत लघवीवाटे मीठ-पाणी काढणारं औषध असतं. खाणं कमी आणि ती गोळी चालू, तर सोडियम उतरतं आणि गोंधळ वाढतो. सगळ्या गोळ्या, झोपेची आणि सर्दीचीसुद्धा, पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ओता. झोपेच्या आणि सर्दीच्या बऱ्याच गोळ्या म्हाताऱ्या माणसांचं डोकं जड करतात. कान आणि मोतीबिंदूही तपासून घ्या. नीट ऐकूच आलं नाही, तर माणूस तेच परत विचारणार.

आता मन. कोकणातली म्हातारी माणसं “मी उदास आहे” असं म्हणत नाहीत. ती म्हणतात, अन्न गोड लागत नाही, अंगात त्राण नाही, छातीत धडधडतं, तीन वाजल्यापासून जाग असते, आता कशाला. तुमच्या आईचं “आता कशाला” हे आम्ही लक्षण म्हणून धरू. दुःख आणि नैराश्य यांत फरक असा: दुःख लाटांसारखं येतं-जातं, मधल्या वेळात नातवाच्या फोनने चेहरा उजळतो, बाबांची आठवण काढताना हसूही येतं. नैराश्यात सगळंच सपाट होतं, आवडीचं काही उरत नाही, आणि मी कोणाच्या उपयोगाची नाही असं वाटत राहतं. तिला दोन प्रश्न साधेपणाने विचारा: गेल्या दोन आठवड्यांत जीव कशातच लागत नाही असं किती दिवस झालं? मन खचल्यासारखं किती दिवस वाटलं? निम्म्याहून जास्त दिवस असं उत्तर आलं तर उपचार हवाच.

तिसरा प्रश्नही विचारायचा आहे, जड गेला तरी. “आई, आपण नसलेलं बरं असं कधी मनात येतं का?” विचारल्याने तो विचार डोक्यात जात नाही. उलट, कोणीतरी विचारलं याचंच माणसाला हायसं वाटतं. “हो” म्हणाली तर तिला एकटं ठेवायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. आणि उत्तर काहीही येवो, कलमांच्या बागेत फवारायची औषधं पडवीत किंवा मांगरात उघडी पडली असतील तर कुलूपबंद करा किंवा घराबाहेर काढा. उंदरांचं औषधही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. तुम्हीही फोन करू शकता, आजारी माणसानेच करायला हवा असं नाही.

उपचारासाठी रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभाग आहे, आणि प्रादेशिक मनोरुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभागही आहे. त्या दुसऱ्या नावाने गावात माणसं दचकतात. पण बाह्यरुग्ण विभागात तपासून, गोळ्या घेऊन त्याच दिवशी घरी यायचं असतं. आई तयार नसेल तर “झोप आणि भूक यांसाठी” म्हणून न्या, ते खोटं नाही. एस्सिटॅलोप्रॅम किंवा सर्ट्रालिनसारखी गोळी वयस्कर माणसाला लहान मात्रेत सुरू करतात. पहिले दहा-बारा दिवस मळमळ, थोडी बेचैनी होऊ शकते, आणि फायदा दिसायला चार ते सहा आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. बहुतेकांचा उपचार इथेच मोडतो: त्रास पहिल्या आठवड्यात, गुण दुसऱ्या महिन्यात, आणि मधे गोळी बंद. या गोळ्यांची चटक लागत नाही, पण त्या एकदम तोडायच्याही नसतात. यांनीही सोडियम उतरू शकतं, म्हणून दोनेक आठवड्यांनी ते परत तपासा.

मन खचल्याने डिमेन्शिया होतो का, हा तुमचा दुसरा प्रश्न. उतारवयात नैराश्य आलेल्यांमध्ये पुढे डिमेन्शियाचं प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट आढळतं. दुप्पट म्हणजे बहुतेकांना होतोच असं नाही. आणि बाण एकाच दिशेने जात नाही. लंडनच्या सुमारे दहा हजार सरकारी कर्मचाऱ्यांना २८ वर्षं पाहिलेल्या ‘व्हाइटहॉल टू’ या अभ्यासात, २०१७ साली असं दिसलं की ज्यांना पुढे डिमेन्शिया झाला त्यांच्यात नैराश्याची लक्षणं निदानाच्या साधारण ११ वर्षं आधीपासून वाढत गेली होती, मध्यमवयातल्या नैराश्याचा मात्र तसा संबंध दिसला नाही. म्हणजे काही जणांत उतारवयातलं पहिलंवहिलं नैराश्य हीच मेंदूच्या आजाराची आगाऊ चाहूल असते. इतरांत ते स्वतः नुकसान करतं: ताणाचं कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त काळ चढं राहतं, आठवणी साठवणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागावर परिणाम होतो. आणि रोजच्या जगण्यातलं नुकसान त्याहून मोठं. खाणं तुटतं, चालणं थांबतं, बीपी-शुगरच्या गोळ्या चुकतात, माणसांत मिसळणं बंद होतं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने २०२४ साली बदलता येण्यासारखी १४ कारणं सांगितली आणि ती सगळी दूर करता आली तर डिमेन्शियाची सुमारे ४५ टक्के प्रकरणं टळतील किंवा लांबतील असा अंदाज दिला. त्यात नैराश्य, एकटेपणा, न चालणं, मधुमेह, उच्च रक्तदाब, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, कमी ऐकू येणं आणि कमी दिसणं आहे. यातली निम्मी तरी तुमच्या आईच्या घरात आत्ता हजर असावीत. आजीचा आजार बदलता येत नाही, ही येतात.

खाण्याबद्दल खरं तेच सांगतो. २०१५ साली शिकागोच्या रश विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘माइंड’ नावाचा आहार मांडला: पालेभाज्या, कडधान्यं, सुकामेवा, मासे, अख्खी धान्यं जास्त, तळलेलं, गोड, लोणी, लाल मांस कमी. तो नीट पाळणाऱ्यांमध्ये अल्झायमरचं, म्हणजे डिमेन्शियाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकाराचं, प्रमाण ५३ टक्के कमी दिसलं, आणि तो आकडा जगभर फिरला. पण तो नुसत्या निरीक्षणाचा आकडा होता. तेच लोक चालतही जास्त असतील, शिकलेलेही जास्त असतील. २०२३ साली ६०४ जणांवर तीन वर्षं प्रत्यक्ष प्रयोग झाला तेव्हा माइंड आहार आणि साधा कमी उष्मांकांचा आहार यांत स्मरणशक्तीचा ठळक फरक निघाला नाही. त्याउलट फिनलंडच्या ‘फिंगर’ प्रयोगात ६० ते ७७ वयाच्या १२६० जणांना दोन वर्षं आहार, व्यायाम, बुद्धीचा सराव आणि बीपी-शुगरवर लक्ष असं सगळं एकत्र दिलं, तेव्हा फायदा दिसला. नैराश्याबाबत ऑस्ट्रेलियातला २०१७चा ‘स्माइल्स’ प्रयोग सांगण्यासारखा आहे. ६७ जणांचा, म्हणजे लहानच, पण १२ आठवडे आहार सुधारलेल्या गटात ३२ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले, नुसत्या गप्पा-सोबत मिळालेल्या गटात ८ टक्के. यातून आम्ही एवढंच घेतो: ताट एकटं डिमेन्शिया रोखत नाही, पण बिघडलेलं ताट दुरुस्त केल्याशिवाय बाकीचे उपचारही नीट लागत नाहीत.

आईचं आत्ताचं ताट मोजू. वाडगाभर पेजेत ३० ग्रॅम तांदूळ, त्यातली प्रथिनं दोन ग्रॅम. चार खारी तीन ग्रॅम. दिवसभराच्या चहातलं दूध तीन-चार ग्रॅम. एकूण दहाच्या आत-बाहेर. तिचं वजन ५० किलो धरलं तर गरज रोज ५० ते ६० ग्रॅमची आहे. लोणच्यातून मिळतं ते फक्त मीठ.

पेज तोडू नका. तिला तेवढीच एक गोष्ट जाते आहे. तिच्यातच बदल करा: ३० ग्रॅम उकड्या तांदळाबरोबर ३० ग्रॅम मूगडाळ शिजवा, वर चमचाभर तूप. दोन ग्रॅमची नऊ ग्रॅम होतात आणि नुसत्या पेजेने चढणारी साखरही हळू चढते. पहिल्या आठवड्यात एवढंच, आणि रात्रीचं जेवण पुन्हा सुरू करणं. रात्रीसाठी कुळथाच्या पिठीसारखं सोयीचं दुसरं काही नाही, दहा मिनिटांत होते. दोन मोठे चमचे भरून कुळथाचं पीठ आधी दोन वाट्या गार पाण्यात कालवायचं, गरम पाण्यात टाकलं तर गुठळ्या होतात आणि मग ती बाजूला सारली जाते. लसणीची फोडणी, वर हे पाणी, ढवळत उकळी, शेवटी दोन आमसुलं. प्रथिनं सहा-सात ग्रॅम. बरोबर मऊ भात किंवा नाचणीची अर्धी-एक भाकरी.

दुसऱ्या आठवड्यात खारीच्या जागी दोन आंबोळ्या किंवा घावणे आणि कपभर दूध, चहा वेगळा. तिसऱ्यात दुपारी वाटीभर दही, चार वाजता मूठभर शेंगदाणे. दात नसतील तर कूट करून गूळ न घालता ताकात किंवा भाजीत. मुगाची किंवा चवळीची उसळ आठवड्यातून तीनदा. अंडं चालत असेल तर रोज एक, सहा ग्रॅम तिथेच मिळतात. पालेभाजी रोज: आत्ता माठ, शेवग्याचा पाला, पाऊस लागला की टाकळा, भारंगी, अळू. हे सगळं एकदम सुरू केलं तर पोट फुगतं, ती म्हणते “मला सोसत नाही” आणि गाडी परत चहा-खारीवर येते. म्हणून आठवड्याला एकच बदल. क्रिएटिनिन वाढलेलं आलं तर मात्र डाळी-प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा.

मासे तिने सोडलेत, तो तिचा निर्णय. जबरदस्ती नको. पण एकदा हळूच विचारा की मनापासून सोडलेत की “बाई विधवा झाली तरी मासे खाते” असं कोणी म्हणेल म्हणून. दुसरं असेल तर मुलाने समोर बसून “आई, तू खा, आम्हाला बरं वाटेल” म्हणण्याला फार किंमत असते. ती पुन्हा खायला लागली तर आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली, कालवणात किंवा तिरफळं घालून, खोल तेलात तळून नको. महागडी सुरमई लागत नाही. ओमेगा-थ्री बांगड्या-तारलीत भरपूर असतं. जून-जुलैत बोटी बंद असल्या की सुकं निघतं. खारवलेला बांगडा अर्धा तास पाण्यात ठेवून ते पाणी ओतून द्यायचं, आणि आठवड्यातून एकदाच, कारण बीपी आहे. दिवसाचं सगळं मीठ मिळून पाच ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा. लोणचं आणि पापड यांतच तो संपतो.

खोबरेल तेल चमच्याने प्यायला देऊ नका. त्यातली ८० टक्क्यांहून जास्त चरबी संपृक्त असते, त्याने एलडीएल वाढतं, आणि एलडीएल त्या १४ कारणांत आहे. वाटणातला ओला नारळ ही वेगळी गोष्ट, दोन-तीन मोठे चमचे खुशाल वापरा, सोलकढी करा. ओमेगा-थ्रीच्या कॅप्सूलनी डिमेन्शिया टळल्याचा भरवशाचा पुरावा नाही. ते पैसे दूध-अंड्यांवर घाला. मुंबईहून बदाम-अक्रोडांचे डबेही पाठवू नका. दमट हवेत खवट होतात आणि फळीवर तसेच राहतात.

पण खरी अडचण पदार्थांची नाही. “एकटीसाठी काय रांधायचं?” ही आहे. म्हणून डबा नव्हे, सोबत शोधा. शेजारच्या काकूंशी बोला: एक वेळचं जेवण दोघींनी एकत्र, सामान तुमच्याकडून. आई त्यांच्याकडे जेवायला जाण्यापेक्षा काकू आईकडे आल्या तर जास्त बरं, कारण मग आईला रांधावं लागतं आणि कोणासाठी तरी रांधायचं कारण मिळतं. भजनाला परत जा म्हणू नका. भजनातल्या एका बाईला सांगा, जाताना दारात उभ्या राहा आणि बरोबर घेऊन जा. सुरुवातीला तिची इच्छा होणार नाही. नैराश्यात इच्छा आधी येत नाही, केल्यावर मागून येते. रोज सकाळी ऊन चढायच्या आत वीस मिनिटं चालणं, तेही कोणाबरोबर. फोनवर “जेवलीस का?” विचारू नका, उत्तर कायम “हो” येतं. “आज पिठीला लसूण घातलीस का?” असं विचारा, आठवड्यातून दोनदा व्हिडिओवर ताट दाखवायला सांगा. काल काय केलं, परवा कोण आलं अशी उजळणी मात्र घेऊ नका, माणूस घाबरतो आणि बोलणंच कमी करतो. वजन महिन्यातून दोनदा उपकेंद्रात करायचं आणि कॅलेंडरवर लिहायचं. एक किलो वाढलं तरी उपचार लागू पडतोय असं समजा.

एका बाबतीत मात्र थांबायचं नसतं. विसरणं हळूहळू न वाढता एक-दोन दिवसांत एकदम वाढलं, दिवसा झोप आणि रात्री बडबड सुरू झाली, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, किंवा पडल्यावर काही दिवसांनी गुंगी आली, तर तो डिमेन्शियाही नाही आणि नैराश्यही नाही. लघवीचा संसर्ग, सोडियम, साखर, पक्षाघात, डोक्यात साकळलेलं रक्त यांतलं काहीही असू शकतं. त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

तिला इकडे आणायचं का? तपासण्यांसाठी पंधरा दिवस जरूर आणा. कायमचं आत्ता नको. नैराश्यात असलेल्या माणसाला त्याच्या अंगणातून, ओळखीच्या माणसांतून उचलून चौथ्या मजल्यावर आणून दिवसभर एकटं ठेवलं तर गोंधळ आणि उदासी दोन्ही वाढतात. जिवाला धोका असेल किंवा एकटं राहणं खरंच शक्य नसेल तर गोष्ट निराळी. एरवी बी-१२ भरून निघणं, गोळीचा परिणाम दिसणं आणि वजन सावरणं यांना तीन महिने द्या, म्हणजे साधारण गणपतीपर्यंत. तुम्ही तेव्हा गावी जालच. मन उभारी धरून विसरणंही कमी झालेलं दिसलं तर उपचार डॉक्टर सांगतील तितके महिने चालू ठेवा आणि वर्षातून एकदा स्मरणशक्ती तपासून घ्या, कारण धोका पूर्ण जात नाही. मन सुधारलं, खाणं सुधारलं आणि विसरणं मात्र तसंच राहिलं किंवा वाढलं, तर न्यूरॉलॉजिस्टकडे न्या. स्मरणशक्तीची सविस्तर चाचणी आणि मेंदूचा एमआरआय त्या वेळी करायचा. जाताना रक्ताचे जुने-नवे रिपोर्ट, गोळ्यांची पिशवी आणि वजन लिहिलेलं ते कॅलेंडर बरोबर घ्या.